कुसुमबाईंचा पावसाळा

कुसुमबाई पैसे हातात पडल्याशिवाय तोंडाला रंग लावत नसत. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत एका प्रयोगाच्या मजुरीला ‘नाईट’ म्हणतात. बाकीचे कलाकार आपापली नाईट प्रयोग संपल्यावर घ्यायचे, म्हणजे तोवर मालक गाडीत झोपले नसतील तर. कुसुमबाईंची नाईट आधी. त्यासाठी त्या भांडत नसत, आवाजही चढवत नसत. रंगपटात आपल्या जागी सतरंजी टाकून बसायच्या आणि घरून आणलेल्या तुरीच्या शेंगा सोलत राहायच्या. बाहेर वाद्यं लागलेली, माईकवरचा माणूस ‘अवघ्या काही क्षणात’ म्हणत तासभर ओरडत असलेला, आणि नाटकाची नायिका आत शेंगा सोलतेय.

एकदा आमचे मालक घाईघाईने आत आले. म्हणाले, “बाई, अजून रंगल्या नाई?”

“रंगाले कितीक वेळ लागते,” कुसुमबाई म्हणाल्या. “तुमाले पैसे घेऊन याले वेळ लागते जी.”

मालकांनी फोन काढला आणि आत्ताच खात्यात टाकतो म्हणाले. बाईंनी आणखी एक शेंग उचलली. फोनवरचा पैसा मला दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी गेटवरच्या पेटीतून नोटा आल्या, बाईंनी त्या कमरेच्या बटव्यात टाकल्या आणि आरशासमोर बसल्या. पाव तासात त्या सतरा वर्षांच्या झाल्या. त्यांची स्वतःची मुलगी तेव्हा चंद्रपूरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती.

मी त्या कंपनीत ऑर्गन वाजवायचो. मूळचा राजुऱ्याचा. वडील कोळसा खाणीत होते आणि मीही तिथेच चिकटावं अशी त्यांची फार इच्छा होती. पण माझ्या हातांना काळ्या पट्ट्या आवडल्या त्या निराळ्याच. दिवाळी ते होळी मी वडशात एक खोली घेऊन राहायचो. सगळ्या नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशात. गावोगावची मंडळं तिथे येतात, पोस्टर बघतात, भाव करतात, नाटक बुक करून जातात. दुपारी कलाकारांच्या गाड्या निघतात, दुसऱ्या दिवशी सकाळी परततात. हंगामात हे शहर दिवसा झोपलेलं असतं.

कुसुमबाई दिसायला अगदी साध्या. ठेंगण्या, सावळ्या, जाड भिंगांचा चष्मा. बसस्टँडवर उभ्या असल्या तर कोणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही. पण आवाज असा की वीज गेली तरी शेवटच्या बैलगाडीवर बसलेल्या माणसाला शब्दन् शब्द कळायचा. मरणाच्या प्रवेशात त्या स्वतः कधी रडल्या नाहीत. ते काम त्यांनी प्रेक्षकांकडे सोपवलं होतं, आणि प्रेक्षक ते मनापासून करत.

आमच्याकडे गाणं रंगात आलं की एखादा प्रेक्षक नोट घेऊन रंगमंचापर्यंत येतो. गाणं थांबतं. माईकवर त्याचं नाव, त्याच्या गावाचं नाव, कधीकधी सासुरवाडीचंही नाव पुकारलं जातं. नायिका मरत असली तरी उठून नोट घेते, नमस्कार करते आणि परत मरायला जाते. कुसुमबाई ज्या अक्षरावर थांबल्या असतील नेमक्या तिथूनच गाणं उचलायच्या. सूर मला शोधावा लागायचा. इतर गाणाऱ्या बाया या बक्षिसातलं थोडं वादकांना देत. कुसुमबाई देत नसत. ऑक्टोपॅडवर एक नवा मुलगा आला होता, त्याने एकदा धीर करून विचारलं, “बाई, आमचं काई?”

“तुमची नाईट तुमाले भेटली?”

“भेटली.”

“तं मंग. टाळी मले पडली, बक्षीस मायं. तुमाले पडन तेव्हा तुमी ठेवजा. मी मागाले येनार नाई.”

त्याने हंगामभर त्यांना कंजूष म्हटलं. त्या होत्याच. त्यांच्या पोटात काही वेगळंच दडलेलं होतं असा खुलासा मी पुढे करणार आहे असं कोणी समजू नये.

त्यांचे यजमान माणिकभाऊ म्हणजे दुसऱ्या एका कंपनीतले खलनायक. उंच, पिळदार मिशा, आणि तीन मजली हसणं. रंगमंचावर त्यांनी किती घरं पेटवली, किती म्हाताऱ्यांना लाथा घातल्या याची गणती नाही. गावातल्या बाया त्यांना बघून बोटं मोडायच्या आणि ते ती आपली कमाई समजायचे. खाली उतरल्यावर मात्र या माणसाच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघत नसे. टपरीवर बसले की अख्ख्या टपरीचा चहा त्यांच्याकडे. मालकाने ‘नाईट पुढच्या वेळी’ म्हटलं की हे हात जोडून ‘हाव जी, हाव जी’ म्हणणार. इतका नम्र खलनायक मी दुसरा पाहिला नाही. त्याचा त्यांना एकच तोटा झाला, तो म्हणजे पैसे मिळाले नाहीत.

नवराबायको दोघंही रंगभूमीवर, दोघांनाही नाव, पण एका कंपनीत कधीच नाहीत. लोकांना वाटायचं, पटत नसेल. खरं कारण कुसुमबाईंनी मला एकदा गाडीत सांगितलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात दोघं एकाच कंपनीत होते. होळीच्या तोंडावर मालक बेपत्ता झाला आणि दोघांच्याही शेवटच्या सगळ्या नाईट बुडाल्या. त्या पावसाळ्यात घरात काही नव्हतं. प्रज्ञा पोटात होती, आणि कुसुमबाई लोकांच्या बांधीत रोवणा करायला, म्हणजे भाताची लावणी करायला गेल्या.

“तवापासून ठरवलं,” त्या म्हणाल्या. “एका घरातले दोघं एका मालकाकडं नाई. एक बुडाला तं एक तं राहीन.”

दुसरा ठराव पैशांचा. नाटकं चालतात हिवाळ्यात. होळी झाली की दिवाळीपर्यंत कमाई नाही. तेंदूपत्त्याचे थोडे दिवस, मोहफुलं, एवढंच. म्हणून हिवाळ्यातलं घर माणिकभाऊंच्या पैशांवर चालायचं. कुसुमबाईंच्या नाईट पोस्टात जायच्या आणि तिथेच राहायच्या. होळीनंतरचे तांदूळ, डाळ, घरभाडं, प्रज्ञाची फी, सगळं त्यातून. या पैशाला त्या पैसा म्हणतच नसत. त्याला त्या ‘पावसाळा’ म्हणायच्या. “हिवाळा तुमचा, पावसाळा माया,” असं त्यांनी नवऱ्याला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सांगितलं होतं, आणि पुढे वीसेक वर्षं ते तसंच चाललं. त्यातला हिवाळा दर वर्षी संक्रांतीच्या आसपास फाटायचा, ही गोष्ट वेगळी.

अशाच एका फाटलेल्या दुपारी मी त्यांच्या घरी होतो. नव्या नाटकातल्या गाण्याची पट्टी ठरवायची होती. घर म्हणजे रेल्वेलाइनच्या पलीकडे दोन खोल्या. सिलिंडर संपलेला, बाई मागे अंगणात चुलीवर भाकरी भाजत होत्या. माणिकभाऊंनी आठवडाभराच्या नाईट सोबतच्या एका नटाला बहिणीच्या लग्नासाठी देऊन टाकल्या होत्या. बाईंनी त्याबद्दल विचारलं, इतकंच. अडचणीत सापडले की माणिकभाऊ उभे राहत आणि त्यांचा आवाज आपोआप रंगमंचावरचा होई.

“या घरात माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?” शुद्ध पुस्तकी भाषेत ते गरजले. समोरच्या रुळांवरची शेळी दचकून पळाली.

कुसुमबाईंनी भाकरी उलटली. “हे इथी नाई, तिथी बोला,” त्या म्हणाल्या. “तिथी याचे पैसे भेटतेत.”

माणिकभाऊ एकदम हसायला लागले. मलाही हसू आलं. बाई हसल्या नाहीत. थोड्या वेळाने ते कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडायला बसले. त्यांच्या संसारातलं भांडण साधारण असंच संपायचं. सुटायचं मात्र नाही.

मग माणिकभाऊंचा घसा बसला. चंद्रपूरच्या डॉक्टरने सांगितलं, ओरडायचं नाही. न ओरडणाऱ्या खलनायकाला झाडीपट्टीत कोण घेणार? शिवाय मालक लोक आता दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारी तरणी पोरं आणू लागले होते. माणिकभाऊंना एका हंगामात निम्म्याच नाईट मिळाल्या. तेव्हा त्यांनी ठरवलं, आता स्वतःची कंपनी काढायची. दुसऱ्याच्या गाडीत बसायचं नाही, आपल्या गाडीत दुसऱ्यांना बसवायचं. हे त्यांनी सगळ्या टपरीला सांगितलं, आणि सगळ्यात शेवटी घरी. घरी सांगायला त्यांना सोबत लागली म्हणून मला घेऊन गेले.

“पोस्टात हाय ना,” ते म्हणाले.

“तो पावसाळा होय.”

“एक साल वापरू. पुढच्या साली दुप्पट करून ठेवीन.”

“प्रज्ञाच्या कॉलेजात जाऊन इचारा,” कुसुमबाई म्हणाल्या, “फी पुढच्या साली दुप्पट घेतेत का.”

“म्हंजे तुले वाटते माया हातून होत नाई.”

“होइन. तुमाले नाटक समजते. पन मांगनाऱ्याले नाई म्हनता येत नाई तुमाले, अन् मालकाचं अर्धं काम तेच होय. कंपनी काढा, मी आडवी येत नाई. पावसाळ्याले हात नाई लावाचा.”

माणिकभाऊंनी मोटारसायकल विकली. कोरपन्याला त्यांचा भाऊ सिमेंटच्या कारखान्यात ट्रक चालवायचा, त्याने काही दिलं. बंद पडलेल्या एका कंपनीचे पडदे आणि लाइट आणले. नाटक लिहून घेतलं. त्याचं नाव इतकं रडकं होतं की पोस्टर वाचतानाच नाक ओलं व्हावं. नायिका म्हणून भामरागडकडची एक गोंड मुलगी घेतली. गळा सुरेख होता तिचा, पण तिला तिच्या गावापलीकडे कोणी ओळखत नव्हतं. दसरा झाला, मंडळांची ये-जा सुरू झाली. माणसं माणिकभाऊंच्या ऑफिसात यायची, पोस्टर बघायची आणि विचारायची, “बाई कोन?” मुलीचं नाव सांगितलं की चहा पिऊन पुढच्या ऑफिसात जायची. कुसुमबाई आमच्या कंपनीत होत्या आणि आमच्या तारखा भराभर जात होत्या. रोज संध्याकाळी माणिकभाऊ आमच्या ऑफिसासमोरून जायचे तेव्हा मान खाली असायची.

मग अचानक त्यांचीही नाटकं बुक व्हायला लागली. मला बरं वाटलं. बाईंनाही वाटलं असावं, कारण त्या दिवसांत त्यांनी एकदा शेंगांबरोबर मला तिळाचा लाडू दिला होता.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मंडईच्या दिवशी एकाच गावात दोन-तीन मंडळांची दोन-तीन नाटकं असतात, गावाच्या वेगवेगळ्या टोकांना. ब्रह्मपुरीकडच्या एका गावात अशाच मंडईला आमचं नाटक होतं. गावाचं नाव सांगत नाही. दोन्ही मंडळं अजून आहेत आणि मला त्या बाजूला नातेवाईक आहेत. दुपारी आमची गाडी फाट्यावर थांबली. तिथे कडुनिंबाला दोन पोस्टर लावलेली होती. एक आमचं, वर कुसुमबाईंचा फोटो. दुसरं माणिकभाऊंच्या कंपनीचं, त्याच्यावरही कुसुमबाईंचाच फोटो.

कुसुमबाई उतरल्या, चष्मा पुसला आणि जवळ जाऊन बघत राहिल्या. मी मागे उभा होतो. माणिकभाऊंना घरात दुसरा फोटो सापडला नसावा. गळ्यातला हार कापून टाकला होता, त्यात अर्धा खांदाही गेला होता. कडेला पांढऱ्या शर्टाची एक बाही तेवढी राहिली होती.

“मास्तर, हा माया लग्नातला फोटो होय,” त्या म्हणाल्या. मग बाहीवर बोट ठेवून म्हणाल्या, “बाही त्यायची होय.”

काय झालं ते आता कोणी सांगायची गरज नव्हती. मंडळं ‘बाई कोण’ विचारत होती आणि माणिकभाऊंना नाही म्हणवत नव्हतं. बायकोच आहे, सांगू नंतर, येईल ती, असं वाटलं असणार. सांगायचा धीर झाला नसणार. एका गावाला नाही, जितक्या गावांनी नाटक घेतलं त्या सगळ्यांना हेच पोस्टर गेलं होतं. आणि नेमक्या या गावात दोन्ही कंपन्या एकाच दिवशी येऊन पडल्या होत्या.

संध्याकाळी माणिकभाऊ आमच्या रंगपटात आले. बाईंनी मालकांकडून नाईट घेतली होती आणि अर्धा चेहरा रंगवून झाला होता. माणिकभाऊ खाली जमिनीवर बसले.

“आमचं नाटक पयले सुरू होते,” ते म्हणाले. “पयल्या प्रवेशात दहा मिनटं ये. तोंड दाखव अन् वापस इथी ये. कोनाले समजनार बी नाई.”

“मी दहा मिनटं आली तं तुमचं पोस्टर खरं होइन,” बाई म्हणाल्या. “मंग हर गावात मले दोन्हीकडं जा लागन. अन् हे मालक? यायचे पैसे घेऊन बसली ना मी.”

“नाई आली तं मंडळाचे पोट्टे पडदे फाडतीन. मले मारतीन.”

“तं जाऊन सांगा, फोटो चुकीनं लागला म्हून.”

“मायानं नाई होत.”

हे त्यांनी इतकं हळू सांगितलं की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. बाई आरशात बघत होत्या. डाव्या गालाला रंग होता, उजव्याला नव्हता. मग त्यांनी चष्मा लावला आणि उठल्या. “मास्तर, चला संगं,” एवढंच म्हणाल्या.

गावाच्या त्या टोकाला मंडप बराचसा भरला होता. कुसुमबाई अर्ध्या रंगलेल्या चेहऱ्याने सरळ रंगमंचावर चढल्या आणि माईकवाल्याच्या हातून माईक घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाटक सुरू झालं असंच त्यांना वाटलं.

“नमस्कार, जयभीम,” बाई म्हणाल्या. “बाहेर पोस्टरवर जो फोटो हाय तो मायाच होय. पन मी या नाटकात नाई, पलीकडच्या नाटकात हावो. माया नावानं तुमच्याकून पैसे घेतले, ते चुकलं. ज्याले पैसे वापस पायजे त्यानं तिकीट दाखवून गेटवर घ्यावे. ज्याले नाटक पाहाचं हाय त्यानं बसावं. इथली पोरगी मायापेक्षा बरी गाते, हे मी खोटं नाई बोलून राह्यली.”

मागून कोणीतरी विचारलं, “फोटो लावला कोनं?”

“ते नका इचारू,” बाई म्हणाल्या. “फोटो घरातलाच होय.”

मंडपात हशा पिकला. आधी बायांच्या बाजूने, मग सगळीकडून. मंडळाची पोरं दांडे घेऊन उभी होती, तीही हसली. खाली उतरल्यावर मंडळाच्या अध्यक्षाने मात्र हसणं आवरून मुद्द्याचं सांगितलं. जेवढी तिकिटं परत जातील तेवढे पैसे कंपनीच्या ठरलेल्या रकमेतून कापले जातील.

“कापा,” बाई म्हणाल्या.

“मंग मी कलाकारायले का देऊ?” माणिकभाऊंनी विचारलं. त्यांच्यामागे त्यांचे सगळे नट रंग लावून उभे होते. भामरागडची ती मुलगीही होती.

कुसुमबाईंनी त्या सगळ्यांकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. “उद्या सकाळी पोस्ट उघडते,” त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

परत आल्यावर त्यांनी दुसरा गाल रंगवला. त्या प्रयोगात मी दोन ठिकाणी चुकलो, त्या कुठेच चुकल्या नाहीत. पलीकडे बऱ्याच लोकांनी पैसे परत घेतले आणि कनातीबाहेर उभं राहून तेच नाटक फुकट पाहिलं. माणिकभाऊंनी डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे हळू आवाजात काम केलं म्हणे, आणि ज्यांनी ते पाहिलं ते सांगतात की अंगावर काटा आला. कोणाचा विश्वास बसत नाही, पण मला खरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पोस्टातून पैसे काढले आणि माणिकभाऊंच्या प्रत्येक कलाकाराला त्याची नाईट दिली. पोस्टर नव्याने छापावी लागली. खरं पोस्टर गेल्यावर निम्म्या गावांनी नाटक रद्द केलं, उरलेल्यांनी भाव पाडले. दर वेळी तूट यायची आणि दर वेळी पोस्ट उघडायचं. होळीपर्यंत पावसाळा संपला होता. पडदे आणि लाइट घेतल्या किमतीच्या निम्म्यात विकले गेले. प्रज्ञाची दुसऱ्या वर्षाची फी भरता आली नाही. ती घरी आली आणि वडशातल्या एका औषधांच्या दुकानात उभी राहायला लागली. वडिलांशी ती बोलत नसे. पाणी हवं का, हेसुद्धा आईमार्फत विचारायची.

वडशात यावर बरीच चर्चा झाली. दहा मिनिटं तोंड दाखवलं असतं तर घर वाचलं असतं, बाईने नवऱ्याला भर गावात उघडं पाडलं, असं म्हणणारे जास्त होते. काही जण म्हणत, बाईने माणिकला सोडायला हवं होतं. मला दोन्ही बाजू पटायच्या, म्हणजे कोणती बाजू घ्यावी ते कळत नव्हतं. ऑर्गनवाल्याला कोणी विचारतही नाही.

त्याच वर्षी मला राजुऱ्याच्या एका शाळेत संगीत शिकवायची नोकरी लागली. वडशातली खोली सोडायची म्हणून आषाढात सामान आणायला गेलो. परतताना एसटी गावाबाहेर थांबली. पुढच्या नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत होतं. ड्रायव्हर म्हणाला, उतरेल तासाभरात. मी खाली उतरलो. रस्त्याच्या कडेच्या बांधीत रोवणा चालू होता, बायांची एक रांग वाकून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावत होती. रांगेत टोकाला एक पुरुष होता. आमच्याकडे पुरुष पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहतात, रोवतात बाया. म्हणून त्या माणसाकडे बघून बाया हसत होत्या, आणि तोही मधूनच मिशीवर चिखलाचा हात फिरवून त्यांना आणखी हसवत होता. ते माणिकभाऊ होते. शेजारी कुसुमबाई. त्या हसत नव्हत्या.

मला बघून त्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आल्या. घरची चौकशी केली, शाळेत पगार किती ते विचारलं, दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो का ते विचारलं. हो म्हटल्यावर त्यांना फार बरं वाटलं. मग माझ्या तोंडून ते निघून गेलं. मी म्हटलं, “बाई, राग नाही येत?”

“येते ना,” त्या म्हणाल्या. “लय येते. पोरगी समोर दिसली का येते, भात वाढताना येते. मरेपर्यंत जानार नाई तो, मास्तर.” पदराने त्यांनी चष्म्यावरचा चिखल पुसला. “पन त्या दिवशी त्यायले तिथी एकटं सोडलं असतं अन् लोकायनं त्यायचं काही केलं असतं, तं मंग हा राग मी कोनावर केला असता?”

ड्रायव्हरने हॉर्न दिला. पाणी पूर्ण उतरलं नव्हतं, पण त्याला घाई झाली होती. बाई पुन्हा बांधीत उतरल्या. मी खिडकीत बसलो. माणिकभाऊंनी माझ्याकडे बघून हात हलवला आणि पुन्हा वाकले. त्यांच्या हाताला त्या कामाची सवय नव्हती; कुठे पऱ्हे दाट पडत होते, कुठे नुसतेच तरंगत होते. कुसुमबाईंनी आपली ओळ थांबवली आणि त्यांच्या ओळीत हात घातला. एक एक काडी उपटून त्या पुन्हा नीट रोवायला लागल्या. गाडी वळेपर्यंत मला दिसत होतं. बाईंच्या कामात आपला अडथळा नको म्हणून माणिकभाऊ दोन्ही हात मागे घेऊन चिखलात गुडघाभर उभे होते, आणि बाया आता हसत नव्हत्या.